पुकारा

केप्याच्या कोर्टात माझं काम सोपं:
सकाळी पावणेदहाला खुर्ची पुसायची,
पंखा एकवर ठेवायचा,
बोर्ड लागला की व्हरांड्यात जाऊन
नावं पुकारायची, तीन-तीन वेळा.
सोयरू वेळीप, पट्टेवाला, सव्वीस वर्षं सेवा.

गेल्या चतुर्थीच्या आधी साहेबांची बदली झाली.
नारळ दिला, शाल दिली, फोटो काढला.
तेव्हापासून खुर्ची मी पुसतोच आहे.
मडगावचे साहेब शुक्रवारी येतात,
म्हणजे एखाद्या शुक्रवारी येतात,
जामिनाचं बघतात आणि जेवणाआधी जातात.
बाकीच्यांना शिरस्तेदार तारीख देतात,
पूर्वी रेशनवर रॉकेल द्यायचे तशी, मोजून.

वकील मंडळी व्हरांड्यात चहा पितात.
आग्नेल वकिलांचा मुलगा अमेरिकेत कायदा शिकतो,
त्यामुळे ते सांगत होते:
तिथे फेडरल कोर्टाचा जज
खुद्द राष्ट्राध्यक्ष नेमतो,
मग सिनेट त्याला समोर बसवून
कॉलेजात असताना काय लिहिलंस, इथपासून विचारते,
आणि एकदा बसला की मरेपर्यंत बसला.
बदली नाही, नारळ नाही.
'तरी तिथेही खुर्च्या रिकाम्या,' ते म्हणाले,
'नावं टेबलावर पडून राहतात.
ह्यांचा माणूस की त्यांचा, ह्यातच वर्ष जातं.'
सगळे हसले. बरं वाटलं त्यांना.

मला आमच्या वाड्यावरचा जल्मी आठवला.
तोही मरेपर्यंत जल्मी.
तो गेला त्या वर्षी देवाला पाकळ्या लावल्या.
उजवी पडेना, डावी पडेना,
दोन्ही घराणी तोंडं फिरवून बसली.
त्या शिगम्याला मांडावर ढोल वाजला नाही.
पण दिवा होता.
तिन्हीसांजेला माझा बापूस जाऊन
वात सारून यायचा.
तुला कोणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणायचा,
नको म्हणून तरी कोणी सांगितलंय?

काल पिएदाद फुर्ताद आली.
इन्व्हेंटरीची केस, नवरा वारला तेव्हापासूनची.
वाटणीच्या यादीत बत्तीस कलमं:
घर, विहिरीत अर्धा हक्क, शिलाई मशीन,
कलम अकरा, परसातला फणस.
फणस दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात आडवा झाला,
लाकूड दिराने नेलं,
यादीत मात्र तो अजून उभा आहे,
उत्पन्न देणारं झाड म्हणून.

मी म्हटलं, बाये, साहेब नाहीत.
ती म्हणाली, ठाऊक आहे.
बेतूलहून दोन बस बदलून आलेय.
मागच्या खेपेला नाव नाही पुकारलंस,
त्याच्या आधीही नाही.
आज एकदा पुकार.
कोणासमोर पुकारू?
ते तू बघ.

नियमात बसत नाही हे.
शिरस्तेदार टपाल घेऊन खाली गेले होते.
मी आत जाऊन पंखा एकवर केला,
बाहेर आलो, छातीत हवा भरली.
पिएदाद फुर्ताद हाजीर हो!
पिएदाद फुर्ताद हाजीर हो!
तिसऱ्या वेळी आवाज चिरकला.
वकिलांचे कप हवेत थांबले.
ती बाकावरून उठली,
फ्रॉकची चुणी सरळ केली, आत गेली,
कठड्याला हात लावला
आणि समोर बघून म्हणाली,
'आसां हांव.'

कोणी काही लिहून घेतलं नाही.
पंख्याने वरचे कागद जरा उचलले, ठेवले.
ती थोडा वेळ तशीच उभी होती,
जणू पुढचा प्रश्न येणार आहे.

जाताना पिशवीतून सुके बांगडे काढले.
घेता येत नाहीत, म्हटलं.
'खुर्चीला नाही, तुला.'
तरी नाही घेतले.
तिने पिशवीची गाठ परत मारली,
तारखेची चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली.

चौदा मार्च.
शुक्रवार आहे, मी कॅलेंडर बघितलं.